फुकट फॉरमॅट आणि डीव्हीडीच्या जागी बसलेली जुनी डिस्क

मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

‘माझे यजमान कर सल्लागार होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांनी २०१४ साली घेतलेला लॅपटॉप ते गेल्यापासून कपाटात आहे. त्याचा पासवर्ड मला ठाऊक आहे आणि तो चालूही होतो. २०१९ साली तो फार संथ झाला होता, म्हणून दुकानदाराने त्यात एसएसडी म्हणतात ती वेगवान डिस्क बसवून दिली. मग तो झटपट सुरू होऊ लागला, मात्र डीव्हीडीचा कप्पा कायमचा बंद झाला. आता जुने लॅपटॉप घेणारा एक व्यापारी ३,५०० रुपये देतो आणि फॉरमॅट मीच फुकट मारून देतो, असे म्हणतो. भाचा म्हणतो, सगळे निवडून शिफ्ट-डिलीट केले की झाले. आत आमची बँकेची कागदपत्रे आहेत, यजमानांच्या अशिलांची विवरणपत्रे आहेत, हिशेबाचे टॅली आहे आणि त्यांनी गावच्या साप्ताहिकासाठी श्रीलिपीत लिहिलेले लेख आहेत. ते लेख मी पेन ड्राइव्हवर घेऊन मुलीच्या संगणकावर उघडले, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. लॅपटॉप विकावा की विकू नये, आणि विकायचा तर काय करून विकावा?’

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

लॅपटॉप अवश्य विकावा, परंतु या आठवड्यात नको, आणि त्या व्यापाऱ्याच्या फुकट फॉरमॅटवर विसंबून तर मुळीच नको. आपण जे वाक्य जाता जाता लिहिले आहे, त्यापाशीच मी थांबलो. एसएसडी बसवल्यापासून डीव्हीडीचा कप्पा बंद झाला, असे आपण म्हणता. त्या सुमारास दुकानदार सर्रास एक युक्ती करत असत. मूळ हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवायची, आणि निघालेली हार्ड डिस्क वाया जाऊ नये म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या खाचेत ‘कॅडी’ नावाच्या चौकटीत घालून ती पुन्हा लॅपटॉपातच ठेवायची. गिऱ्हाइकाला वेगही मिळतो आणि जुनी साठवणही हाताशी राहते. आपल्या लॅपटॉपात हेच झाले असावे असा माझा अंदाज आहे, आणि तो पडताळून पाहणे सोपे आहे. ‘धिस पीसी’ उघडून ड्राइव्हची नावे आणि त्यांचे आकार कागदावर उतरवून घ्यावेत. सी ड्राइव्ह दोनशे-सव्वादोनशे जीबीच्या आसपास असेल आणि डी, ई वगैरेंची बेरीज ४६५ जीबीच्या जवळ जात असेल, तर आत दोन डिस्क आहेत असे समजावे. कारण ५०० जीबी म्हणून विकली जाणारी डिस्क विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबीच दिसते. डी, ई अशी नावेच नसतील, तर प्रश्न अधिक अवघड होतो: २०१४ ते २०१९ या पाच वर्षांचे सगळे काम ज्या डिस्कवर होते, ती डिस्क आज कोठे आहे? घरातल्या एखाद्या खोक्यात असेल तर उत्तम. दुकानातच राहिली असेल, तर त्या दुकानदाराला एकदा भेटून विचारावे.

दोन डिस्क असल्या तर फुकट फॉरमॅटचा अर्थ कसा बदलतो पाहा. व्यापारी सी ड्राइव्ह पुसून नवे विंडोज चढवील, आपल्याला कोरा पडदा दाखवील, आणि डी-ईमधल्या अशिलांच्या फायली जशाच्या तशा राहतील. यात त्याची लबाडीच असेल असे मी म्हणत नाही. त्याला लॅपटॉप चालू स्थितीत विकायचा आहे, आणि त्यासाठी एवढे पुरते.

भाच्याच्या शिफ्ट-डिलीटविषयीही हेच. आपल्या भागातले उदाहरण द्यायचे तर सातबाऱ्यावरचे नाव कमी केल्याने शेतातला ऊस तोडला जात नाही. डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे याची एक नोंदवही असते. डिलीट केल्यावर त्या नोंदवहीतली ओळ खोडली जाते आणि ती जागा नव्या मजकुरासाठी मोकळी झाली असे लिहिले जाते. प्रत्यक्ष मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तेथेच असतो. क्विक फॉरमॅट याहून फारसे वेगळे करत नाही, ते अख्खी नोंदवही बदलून कोरी ठेवते. हार्ड डिस्कवरून असा मजकूर परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि ती चालवायला विशेष कौशल्य लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि त्याचा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२९ डिस्क वाचता आल्या आणि नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. हा अभ्यास जुना असला तरी डिस्क बाजारात आणणाऱ्यांची समजूत त्यानंतर फार बदलली आहे असे मला वाटत नाही. आपल्या भाच्याचा सल्ला हा त्याचा पुरावाच आहे.

‘पण पीडीएफना तर पासवर्ड असतो’, असे कोणी म्हणेल. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती पत्रकाचा पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. कर सल्लागाराच्या फोल्डरात ही सगळी कागदपत्रे एकमेकांच्या शेजारी असतात, तेव्हा एकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आयती मिळते. शिवाय ही माहिती आपल्या एकट्याची नाही. ज्यांनी विश्वासाने कागद दिले त्या अशिलांची ती आहे, आणि म्हणून मी येथे नेहमीपेक्षा थोडा कडक सल्ला देत आहे.

पुसण्याआधी काढून घ्यायचे काय, हा भाग मात्र घाईने करू नये. लेखांपासून सुरुवात करतो, कारण बाकीची कागदपत्रे कोठून ना कोठून पुन्हा मिळवता येतील, लेख मिळणार नाहीत. मुलीच्या संगणकावर दिसलेली खिचडी म्हणजे फाइल बिघडलेली नाही. युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर चालणारी अक्षरांची समान पद्धत, रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी टंकलेखनासाठी पुण्याच्याच दोन संस्थांची साधने घरोघरी आणि छापखान्यांत होती: मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम. या जुन्या फॉन्टांत फाइलीत साठवलेली अक्षरे खरे तर रोमन चिन्हांचीच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे मुळातली रोमन चिन्हे उघडी पडतात. याचा अर्थ असा, की हे लेख आज खात्रीने वाचता येतील अशी एकच जागा आपल्यापाशी आहे, आणि ती म्हणजे विकायला काढलेला हा लॅपटॉप. तेव्हा त्याच लॅपटॉपवर प्रत्येक लेख उघडून, छपाईच्या यादीतला ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा पर्याय निवडून त्याची पीडीएफ करावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे रूपही बरोबर जाते, त्यामुळे ती कोठेही तशीच दिसते. तरी पहिल्या दोन-तीन पीडीएफ मुलीच्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मगच पुढच्या कराव्यात. साठ-सत्तर लेख असतील तर दोन दुपारी जातील, पण त्या जाऊ द्याव्यात.

पुढे पुस्तक करायचे मनात असेल तर पीडीएफ पुरणार नाही, मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. श्रीलिपीबरोबर असे रूपांतर करणारे साधन येते, आणि तेही लॅपटॉप हातात असतानाच वापरून घ्यावे. रूपांतर शंभर टक्के शुद्ध होत नाही; रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. मी एकदा एका स्नेह्यांच्या संस्मरणांचे रूपांतर तपासत होतो, तेव्हा गुरुवर्य आचार्यांना केलेला नमस्कार मंगल कार्यालयातल्या आचाऱ्यांना पोचला होता. मुद्रित तपासायला आपल्याहून योग्य माणूस कोण मिळणार! मूळ फायलीही टाकू नयेत, तिन्ही रूपे ठेवावीत. श्रीलिपीचे यूएसबीला लावायचे कुलूप, म्हणजे डोंगल, असेल तर तेच त्या सॉफ्टवेअरचा परवाना आहे. ते लॅपटॉपला लावलेले तसेच गेले तर परवानाही गेला.

टॅलीचा डेटा पुष्कळदा डॉक्युमेंट्समध्ये सापडत नाही. तो टॅलीच्या स्वतःच्या डेटा फोल्डरात, कंपनीच्या नावाने नव्हे तर दहा हजार, दहा हजार एक अशा आकडी नावांच्या फोल्डरांत असतो, आणि म्हणून केवळ डॉक्युमेंट्स व डेस्कटॉप यांची नक्कल करणाऱ्यांचा नेमका तोच राहून जातो. टॅलीमधूनच प्रत्येक कंपनीचा बॅकअप घ्यावा. त्यानंतर परवाना आपल्या नावे राहावा, दुसऱ्या संगणकावर वापरता यावा किंवा एखाद्या सहकाऱ्याकडे सोपवता येतो का याची चौकशी तरी करता यावी, म्हणून इंटरनेट जोडलेले असताना लायसन्स ‘सरेंडर’ करावे. हे फॉरमॅटच्या आधी करायचे असते. नंतर आठवले तर खटपट वाढते.

अशिलांच्या फायलींचे काय करावे, हे आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आपल्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि त्यांतल्या काही नोंदींची एकमेव व्यवस्थित प्रत कदाचित यजमानांच्याच लॅपटॉपवर असेल. म्हणून प्रत्येक अशिलाला फोन करून त्याच्या फायली हव्या आहेत का हे विचारावे, हव्या असतील तर त्या त्यालाच द्याव्यात, आणि दिल्याची एका वहीत तारखेसह नोंद ठेवावी. सगळ्यांच्या फायली एकाच पेन ड्राइव्हवर घालून तो गावभर फिरवू नये. यजमानांचे स्वतःचे अखेरचे विवरणपत्र, म्हणजे त्यांच्या निधनाच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे, वारस म्हणून भरायचे राहिले असेल तर प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करून ते आधी पुरे करावे, कारण त्याला लागणारे बहुतेक कागद याच डिस्कवर आहेत. त्यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ड्रॉवरमध्ये कोठेतरी असेल. ती स्वाक्षरी त्यांच्यामागे कोणीही वापरायची नसते. टोकन वेगळे काढून ठेवावे आणि ज्यांनी प्रमाणपत्र दिले त्यांना कळवून ते रद्द करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. यजमानांचे जीमेल या लॅपटॉपवर आपोआप उघडत असेल, तर त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक नसण्याची दाट शक्यता आहे, आणि अशा वेळी हा लॅपटॉप म्हणजे त्या खात्याचे एकमेव उघडे दार असतो. लॅपटॉप पुसला की दार बंद. गुगलची ‘टेकआउट’ नावाची सोय वापरून पत्रे, फोटो, संपर्क हे सगळे आधी उतरवून घ्यावे. दोन वर्षे न वापरलेली खाती गुगल बंद करून त्यांतला मजकूर काढून टाकू शकते, त्यामुळे ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवण्यातही अर्थ नाही. हे सारे पुरे होईपर्यंत त्यांचे सिमकार्ड रिचार्ज करून चालू ठेवावे, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येणार.

आता नक्कल. सगळा मजकूर नव्या बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावा आणि त्याची आणखी एक प्रत मुलीकडे असावी. नक्कल झाली असे पडद्यावर दिसणे आणि ती उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून, प्रत्येक फोल्डरातली एखाददुसरी फाइल खरोखर उघडून पाहावी, आणि त्यानंतरही लॅपटॉप आठवडाभर तसाच ठेवावा. या आठवड्यात काहीतरी राहिलेले आठवतेच, असा माझा अनुभव आहे.

यानंतर जी चूक होते तिला मी स्वतः बळी पडलो आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी जुना लॅपटॉप धाकट्या भावाला देताना मी मोठ्या काळजीने ब्राउझरमध्ये जाऊन साठवलेले सगळे पासवर्ड आणि खुणेची पाने पुसली. संध्याकाळी पाहतो तर फोनवरूनही सगळे गेले. ब्राउझर माझ्या खात्याशी जोडलेला होता, सिंक चालू होते, आणि मी लॅपटॉपवर पुसले ते मी सर्वत्र पुसायला सांगितले असाच त्या व्यवस्थेने अर्थ घेतला. तिचे काही चुकले नव्हते. वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्हच्या फोल्डरांचेही असेच आहे. लॅपटॉपवरच्या त्या फोल्डरातून फाइल डिलीट केली की ती इंटरनेटवरच्या साठ्यातूनही हटते, आणि वैयक्तिक वनड्राइव्ह असो वा गुगल ड्राइव्ह, कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. म्हणून क्रम लक्षात ठेवावा: आधी खात्यातून बाहेर पडायचे, जोडणी तोडायची, आणि मग पुसायचे. खरे तर अशा फायली हाताने एकेक पुसत बसण्याची गरजच नाही, ते काम विंडोजचा रीसेट करतो, तो कसा करायचा हे शेवटी सांगतो. व्हॉट्सॲप लॅपटॉपवर जोडलेले असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून तो काढून टाकावा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातल्या उपकरणांच्या यादीतूनही लॅपटॉपचे नाव कमी करावे.

कॅडीतल्या डिस्कविषयी माझे मत स्पष्ट आहे: ती विकू नये. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढून, तळाचा बहुधा एकच स्क्रू सोडवला की कॅडी बाजूला सरकत बाहेर येते. हे काम भाच्याला सांगावे. शिफ्ट-डिलीटपेक्षा हे त्याला आवडेल. डिस्क काढून रिकामी कॅडी पुन्हा आत सरकवावी, म्हणजे लॅपटॉपच्या कुशीला भगदाड राहणार नाही. व्यापारी यासाठी पाच-सातशे रुपये कमी करील. करू द्यावेत.

ती डिस्क काही शे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी केसिंगमध्ये घालून आणखी एक प्रत म्हणून ठेवता येते, मात्र फिरत्या तबकड्यांची इतक्या वर्षांची डिस्क एकमेव आधार म्हणून वापरू नये. नकोच असेल तर तिच्या प्रत्येक भागावर फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून टाकावी. विंडोज व्हिस्टापासून पुढे असे पूर्ण फॉरमॅट त्या सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. ५०० जीबीला दोनेक तास, जुन्या डिस्कला कदाचित जास्तही लागतात. पस्तीस वेळा पुसावे लागते असे आपल्याला कोणी सांगेल. तो आकडा १९९६ सालच्या एका शोधनिबंधातला आहे आणि तेव्हाच्या डिस्कांच्या रचनेला धरून होता. आजच्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण पुसणे पुरते. अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेची २०१४ची मार्गदर्शिकाही साधारण हेच सांगते. डिस्क फोडण्याचा विचार असेल तर जपून, कारण लॅपटॉपच्या छोट्या डिस्कांतल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि हातोड्याखाली त्यांचे बारीक तुकडे उडतात.

लॅपटॉपात राहिलेल्या एसएसडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात फिरणारे काही नसते आणि कोणता मजकूर कोणत्या पेशींत, म्हणजे सूक्ष्म खणांत, ठेवायचा हे तिच्यातली चिप, म्हणजे तिचे नियंत्रक, ठरवते, सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून ते जागा सतत बदलत असते. त्यामुळे ठरावीक फाइलवर पुन्हापुन्हा लिहून ती पुसण्याचा हार्ड डिस्कवरचा उपाय येथे भरवशाचा नाही. उलट तिच्या बाजूने एक गोष्ट आहे: मजकूर काढून टाकल्याची सूचना विंडोज एसएसडीला देते, तिला ट्रिम म्हणतात, आणि त्यानंतर नियंत्रक त्या पेशी आपणहून रिकाम्या करते. म्हणून एसएसडीवर खाली सांगितलेला पूर्ण रीसेट आपल्यासारख्या घरासाठी पुरेसा आहे. त्याहून पक्के हवे असेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिक्युअर इरेझ’ हा पर्याय बहुधा असतो.

किमतीबद्दल व्यापाऱ्याशी भांडू नये. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचे असलेले पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि २०१४चा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही, त्यामुळे भाव पडणे स्वाभाविक आहे. ओळखीच्या विद्यार्थ्याला देणार असाल तर हे त्याला आधी सांगावे. बॅटरीची खरी अवस्थाही कळू शकते. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे लिहिले की एक अहवाल तयार होतो, त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारीशेजारी दिसतात. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा लॅपटॉप चार्ज करू नये, बॅटरीला टोचू किंवा दाबू नये, आणि ती घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावी. पडदा पुसताना पाणी थेट त्यावर फवारू नये, मऊ कापड किंचित ओले करून पुसावा. मेमरी कार्डाची खाच आणि वायरलेस माउसचा नखाएवढा रिसीव्हर तेवढा पाहून घ्यावा. कार्डात अनेकदा घरचेच फोटो असतात.

व्यापारी गावातलाच असेल तर रोख किंवा यूपीआयने पैसे घेऊन साधी विक्रीपावती करावी. तिच्यावर तारीख, दोघांची नावे आणि पत्ते, लॅपटॉपच्या तळाला छापलेला अनुक्रमांक, आणि आतली डिस्क पुसून दिली आहे, एवढे असावे व दोघांच्या सह्या असाव्यात. उद्या त्या लॅपटॉपवरून कोणी काही उद्योग केले, तर तो त्या तारखेला आपल्या हातून गेला होता हे दाखवायला हा कागद उपयोगी पडतो. जाहिरात देऊन परक्याला विकायचा विचार आला, तर एक सावधगिरी बाळगावी. आपण सैन्यात असल्याचे सांगून, वस्तू न पाहताच होकार देऊन, ‘पैसे येण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ म्हणणारे फोन येतात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच. फसगत झाली तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

पुसण्याचे काम व्यापाऱ्याकडे जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी घ्यावे आणि चार्जर लावूनच करावे. कॅडीतली डिस्क बाहेर निघाली आहे हे पाहून विंडोज १०च्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, तेथे ‘रिकव्हरी’ आणि त्यात ‘रीसेट धिस पीसी’ उघडावे. दोन पर्याय येतात. ‘कीप माय फाइल्स’ नको, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’ अशी लहानशी ओळ दिसते आणि बहुतेक जण तिच्याकडे न पाहता पुढे जातात. तीच महत्त्वाची आहे. तिच्यात ‘क्लीन डेटा’ चालू करावे, आणि एसएसडीचेही दोन भाग केलेले असतील तर सगळ्या ड्राइव्हवरच्या फायली काढण्याचा पर्यायही चालू करावा. काही तास लागतील, मधे लॅपटॉप दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल; त्या वेळी बटण दाबू नये. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना यंत्राशीच बांधलेला असतो, त्यामुळे इंटरनेट जोडल्यावर नव्या मालकाच्या हाती तो आपोआप लागू होतो, आणि ‘ओरिजिनल विंडोज’साठी व्यापाऱ्याने आपल्याकडून पैसे कापून घेण्याचे कारण नाही.

शेवटी निळ्या पडद्यावर देश आणि भाषा कोणती, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आपण देऊ नये. तेथेच बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा आणि चार्जरसह पिशवीत घालावा.

कळावे.